पहूरचं माहेर, पाठीवरची सॅक आणि माझा गुडघा

जळगाव ते पहूर पळत जायचं ठरवलं, तेव्हा नवरा म्हणाला, माहेरी जायला एसटी असते. ते मलाही ठाऊक होतं. पण उजवा गुडघा सुजल्यापासून वर्षभर मी नुसतीच चालत होते. फिजिओथेरपीच्या बाईंनी चार महिने व्यायाम करून घेतला आणि दोन दिवसांत, पळत-चालत जायला परवानगी दिली. अट एकच, नंतरच्या सकाळी जिना चढताना गुडघा दुखला तर लांबचं पळणं कायमचं बंद. एक्कावन्नाव्या वर्षी 'कायमचं' हा शब्द फार टोचतो हो.

पहिला दिवस नेरीपर्यंतचा. थंडीत सहाला निघाले. अजिंठा रोडच्या कडेने आरामात पळता येतं, फक्त मागून कापसाची गाडी आली की खाली उतरायचं. पाठीवर नवीकोरी सॅक. तिच्यात दोन लिटर पाणी, नी-कॅप, स्प्रे, पॉवर बँक, जादा बूट, सगळं 'लागलं तर' म्हणून. ती प्रत्येक पावलाला पाठीवर आपटत होती. नेरीत मैत्रिणीकडे पोचेपर्यंत गुडघा कुरकुरू लागला. तिने केलेली शेवभाजी मी चापून खाल्ली, बर्फ लावला, पण मनातून पार घाबरले होते.

दुसऱ्या दिवशी गावाबाहेर केळीची काढणी चालली होती. मी गुडघा चोळत बांधावर बसले. डोक्यावर कापडाची चुंबळ ठेवून घड वाहणारे एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ होते, सगळे त्यांना आबा म्हणत. मूळचे धुळ्याकडचे. घड ट्रकपाशी उतरवून ते आले आणि सॅककडे बघत म्हणाले, "ताई, तुनं वझं हालस. हालतं वझं गुडघा खास." म्हणजे तुझं ओझं हलतंय, आणि हलतं ओझं गुडघा खातं.

मग घड घेऊन चालून दाखवलं. बारीक पावलं, गुडघे किंचित वाकलेले, डोक्यावरचा घड जागचा हलत नाही. आणि एवढं पाणी कशाला, वाटेत गावं नाहीत का, असंही विचारलं. पंचवीस वर्षं याच रस्त्याने माहेरी जाणारी मी, मला लाजच वाटली. मैत्रिणीला फोन करून बोलावलं आणि सॅक तिच्याकडे दिली. फोन, दोनशे रुपये, मीठ-साखरेची पुडी एवढंच ठेवलं, आणि हातात नी-कॅप. आबांनी खांद्यावरचा आपला मोठा बागायती रुमाल दिला, त्यात सामान गुंडाळून पीळ कसा घालायचा ते दाखवलं. मी तो कमरेला आवळून बांधला.

तुमचे गुडघे दुखत नाहीत का, मी विचारलं.

"दुखतस ना," ते सहज म्हणाले. "पन मी मनं वझं कोनाकडे ठेवू?"

मी नी-कॅप तेवढी त्यांच्या हातात ठेवली.

पुढे बारीक पावलांनी पळाले, मधेमधे चालले. दोन घरी पाणी प्याले, एका घरी तर चहाही झाला. पहुरात थोरला भाऊ, नाना, दारातच उभा होता. सामान नाही हे बघून त्याने आधी विचारलं, पाव्हण्यांशी भांडून आलीस का.

सकाळी वहिनीच्या गच्चीचा जिना चढले, कठड्याला घट्ट धरून. दुखलं नाही. खाली येऊन पुन्हा चढले. काय विसरलं, वहिनीने विचारलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

परतीला एसटी, बायकांना अर्धं तिकीट. मांडीवर वहिनीने दिलेली भरताची वांगी आणि भाकरीसाठी ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ. नेरीत मैत्रीण थांब्यावर सॅक घेऊन उभी होती. त्याआधी केळीचा मळा लागला. आबा घड घेऊन चालले होते, उजव्या गुडघ्यावर पॅन्टवरूनच चढवलेली माझी नी-कॅप. मी खिडकीतून हात हलवला. त्यांचे दोन्ही हात घडाला होते.

घरी आल्यावर रुमाल धुऊन दोरीवर टाकला. आता रविवारी पळताना तोच बांधते. घरी आले त्या दिवशी नवऱ्याने विचारलं, "गुडघा कसा आहे?"

"माझा बरा आहे," मी म्हटलं.