पुसलेली तीन मापं

शिर्के मॅडम दुसऱ्याच्या वर्गात शिरताना परवानगी मागत नसत. दारात चपला काढायच्या, मागच्या बाकावर जाऊन बसायच्या आणि शांतपणे फळा वाचायच्या. त्यांच्या चार पिढ्या इंदुरात गेलेल्या. त्यांच्या बोलण्यात क्रियापदं तेवढी मराठी उरली होती.

मी साताऱ्याहून आलेली, इंदूरच्या अन्नपूर्णा भागातल्या त्यांच्याच शाळेत चौथीला गणित शिकवायची. नोकरी अजून कायम व्हायची होती. लांबीची मापं आली तेव्हा मी मिलिमीटरपासून किलोमीटरपर्यंत सातही एककं फळ्यावर लिहिली आणि मुलांकडून पाठ करून घेऊ लागले. आठवड्याभरात मानसी नावाच्या मुलीचं गणिताच्या तासाला पोट दुखू लागलं. मग ती यायचीच थांबली. तिची आई प्राचार्यांना भेटली, आणि प्राचार्यांनी मला सांगितलं, तुमचं वार्षिक परीक्षेनंतर बघू.

त्याच दिवशी मॅडम मागच्या बाकावरून उठल्या आणि त्यांनी डेसिमीटर, डेकामीटर, हेक्टोमीटर पुसून टाकले. मुलं गेल्यावर मी म्हटलं, पेपर बाहेरून येतो, त्यात विचारलं तर?

"मीपण वीस साल सातही रटवले, बेटा," त्या म्हणाल्या. "एक दिवस सगळ्यात होशियार पोरीला विचारलं, ही खोली किती लांब? म्हणाली, छह किलोमीटर. पाठ तर तिला सब कुछ होतं. आधी हे चार हातात बसू दे. बाकीचे तीन पुढच्या वर्गात करतीलच."

संध्याकाळी मला घेऊन त्या मानसीकडे गेल्या. पोहे खाल्ले, शाळेचं नावही काढलं नाही. निघताना तिच्या हातात टेप देऊन म्हणाल्या, घरात एक मीटरची चीज शोधून दाखव. मानसीनं आधी पलंग मोजला, मग खिडकी. शेवटी दाराची कडी जमिनीपासून बरोबर एक मीटरवर निघाली, तेव्हा ती हसली. दुसऱ्या दिवशी शाळेत आली.

पेपरात डेसिमीटरचा प्रश्न आलाच. अख्ख्या वर्गाचे दोन गुण गेले. प्राचार्यांनी मला बोलावलं तेव्हा मॅडम तिथे आधीच बसलेल्या होत्या. "फळा मी पुसला होता," त्यांनी सांगितलं, "हिला काही बोलू नका." प्राचार्यांनी उत्तरपत्रिका पुढे सरकवल्या. मागच्या वर्षी निम्म्या वर्गानं पेन्सिलीची लांबी मीटरमध्ये लिहिली होती. यंदा एकानंही नाही. मला कायम केल्याचं पत्र त्यांनी तिथंच सही करून दिलं. मी रिकाम्या वर्गात जाऊन पोटभर रडले.

मॅडम त्याच उन्हाळ्यात निवृत्त होऊन भोपाळला लेकीकडे गेल्या. निघायच्या दिवशी मी विचारलं, दुसऱ्याचा फळा पुसायची एवढी हिंमत तुम्हाला कुठून आली?

"कसली हिंमत," त्या म्हणाल्या. "तुझी नोकरी जाईल म्हणून मला रिझल्टपर्यंत घास उतरत नव्हता."

मला वाटायचं, ते दिवस मी एकटीनंच काढले.