बारा कोंबड्या बसतात!

आता तुमच्यापासून काय लपवू? गावाला माहीत आहे, सासरवाडीला माहीत आहे, तुम्हीच तेवढे राहिलात. घ्या, चहा घ्या. सांगतो.

मी तलवाड्यात टेलर आहे. पुढं रस्त्यावर दुकान, मागं घर आणि घराच्या मागं परसात आमच्या शकुंतलेच्या कोंबड्या. बारा. म्हणजे अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा. पण रुबाब बघितला तर तो एकटाच अकरा वाटतो. तेरावीही होती. ती एका पहाटे मुंगसानं डालगं उलथून नेली.

शकुंतला तेव्हापासून माझ्याशी धड बोलेना. जसं काही मुंगूस माझ्या ओळखीचं होतं! मग एक दिवस अंडी विकून साठवलेले पैसे रुमालात बांधून तिनं माझ्या हातात ठेवले.

"खुराडं आणा. एवढ्यातच बसवा. अन् मोठं आणा बरं का. त्यांना आत हिंडता आलं पायजे, रातच्याला बसायला दांडी पायजे, वारा लागला पायजे."

मी म्हणालो, "मला माप शिकवती का? उभ्या गावाची मापं घेतो मी!"

गेवराईच्या बाजाराला गेलो. आधी वेल्डिंगवाल्याला विचारलं. त्यानं कोंबड्या किती ते विचारलं, आभाळाकडं बघून हिशेब केला आणि असा आकडा सांगितला की मी म्हणालो, "दादा, कोंबड्यांसाठी पायजे. म्हशीसाठी न्हाई." तिथून सुताराकडं. सुताराचा भाव वेल्डिंगवाल्याच्या भावाचा सख्खा भाऊ निघाला.

तोंड पाडून परत निघालो, तर बाजाराच्या टोकाला एक जुन्या सामानवाला बसलेला. त्याच्यापुढं निळा प्लास्टिकचा जाळीदार पिंजरा. वर सरकतं दार, हलका, पाण्यानं धुवा की झाला नवा!

"ह्याच्यात बारा कोंबड्या बसतात का हो?"

"बारा? मालक, पंधरा बसतात! दाबून बसवल्या तर अठरा."

'दाबून' हा शब्द ऐकून माणसाला शंका यायला पाहिजे की नाही? पिंजऱ्याची उंची माझ्या गुडघ्याच्या खाली होती, ती बघून तरी? मला नाही आली. मला फक्त किंमत ऐकू आली. रुमालातले निम्मे पैसे उरत होते!

पिंजरा मोटरसायकलला मागं आडवा बांधला आणि गावात शिरलो. चौकात बंडूचं हॉटेल. बाकड्यावर चार माणसं. बंडू माझा शाळेपासूनचा दोस्त, तो तिथूनच ओरडला, "काय बे टेलर, चालू केलं का?"

मी म्हणालो, "केलं की!"

"देशी हाय ना?"

"अस्सल देशी! घरच्याच."

"मग रविवारी येतो बरं का."

"ये की. सगळ्यांनाच घेऊन ये."

मला वाटलं, काय कौतुक आहे गावाला आपल्या खुराड्याचं! बघायला येतो म्हणतात!

घरी आलो. शकुंतलेनं पिंजऱ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत पिंजऱ्याकडं बघितलं.

"हे काय हाय?"

"खुराडं. बारा बसतात."

बसवून दाखवल्या. बसल्या की! काळी-पिवळी जीपमध्ये माणसं बसतात तशा. कुणाची मान कुणाच्या पंखाखाली, कुणाचा पाय जाळीतून बाहेर. कोंबड्याचा तुरा छताला घासत होता आणि तो मेल्या नजरेनं माझ्याकडं बघत होता.

शकुंतला म्हणाली, "अहो, हा कोंबड्या न्यायचा पिंजरा हाय. ह्याच्यात बारा बसतात, पर कुठवर? चिकनच्या दुकानापोतर!"

पुढच्या बाजाराला परत करीन म्हणालो आणि पिंजरा दुकानाच्या दारात ठेवून दिला. रस्त्याला तोंड करून. सगळ्या गावाला दिसेल असा.

आता मध्ये माझ्या सासऱ्यांचं सांगायला पाहिजे. चकलांब्याचे. माळकरी माणूस. लेकीनं कोंबड्या पाळल्या तेव्हाच त्यांनी बजावलं होतं, "अंडी विकायची तर विका. पर त्या जिवांना सुरी लागता कामा नये." आम्हीही शब्द दिला होता.

शनिवारी त्यांचा फोन आला.

"जावईबापू, कानावर आलं ते खरं हाय का?"

मला वाटलं, लेकीनं खुराड्याचं सांगितलं असणार. "खरं हाय मामा. लई सस्त्यात पडलं."

"मग टेलरकी बंद केली का?"

"बंद कावून करू? दुकानात ती बी चालू हाय की."

मग दबक्या आवाजात, "अन् कापतं कोण?"

आता मला सांगा, टेलरला कुणी विचारलं की कापतं कोण, तर टेलर काय सांगणार?

"मीच कापतो मामा! दुसऱ्याच्या हातात कात्री देत न्हाई मी. सकाळी कापाया बसलो की दुपारपोतर ढीग लागतो."

"अन् शकू?"

"ती असती की मदतीला! आता तर लई हात बसलाय तिचा. मी कापून दिलं की पुढचं सगळं तीच बघती."

"पांडुरंगा!" म्हणाले आणि फोन ठेवला.

मला वाटलं, लेकीचं कौतुक ऐकून गहिवरले.

रविवार उजाडला. माझ्या डोक्यात एक नामी कल्पना आली होती. वेल्डिंगवाल्यानं अंदाजानं मोठा आकडा सांगितला. आपण त्याला नेमकं माप दिलं तर लोखंड कमी लागेल, पैसे कमी होतील. नेमकं माप घ्यायचं कसं? जसं गिऱ्हाइकाचं घेतो तसं! पळू नयेत म्हणून सगळ्या कोंबड्या पिंजऱ्यात कोंबल्या, पिंजरा दुकानाच्या पायरीवर घेतला, एकेकीच्या पायाला दोरी बांधून बाहेर काढायची आणि पंख पसरून टेप लावायचा. माप झालं की कात्रीनं दोरी कापायची.

पहिलीच कोंबडी बगलेत घेतली, तर समोर बंडू उभा. हातात स्टीलचा डबा. त्याच्यामागं दहा-पंधरा माणसं. कुणाकडं पिशवी, कुणाकडं पातेलं.

"पैला नंबर माझा," बंडू म्हणाला. "दोन किलो. पीस बारीक कर."

"कसला पीस? शर्टाचा का पँटीचा?"

"पँटीचा कसला बे? लेगपीस!"

मला काहीच उमजेना. मागून एक जण ओरडतोय, "टेलर, माझ्यात कलेजी टाका जादा!" आणि तेवढ्यात दुकानापुढं काळी-पिवळी थांबली. त्यातून सासरे उतरले. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का आणि त्याच्याखाली दोन लालबुंद डोळे.

त्यांना काय दिसलं असेल, जरा विचार करा! दारात गर्दी. पायरीवर पिंजराभर कोंबड्या. आणि जावई एका हातात कोंबडीची मान, दुसऱ्या हातात उघडी कात्री घेऊन बसलेला!

"सोडा तिला!"

असा आवाज मी त्यांच्याकडून लग्नातही ऐकला नव्हता. हात आपोआप सुटला. कोंबडी उडाली ती थेट बंडूच्या डोक्यावर. बंडू मागं सरला, मागचा त्याच्या मागच्यावर आदळला, कुणाचा तरी पाय पिंजऱ्याला लागून दार सरकलं आणि उरलेल्या अकरा भरारा बाहेर! पातेली वाजताहेत, कोंबड्या ओरडताहेत, आणि माझे सासरे मध्येच उभे राहून "शकू! शकू!" करताहेत.

शकुंतला आतून धावत आली. हातात शर्ट, तोंडात सुई.

"शकू, तूबी करती का हे?"

तिनं तोंडातली सुई काढली. "मीच करती की आबा. काजं-बटनं. का बरं?"

मग सगळा उलगडा झाला. दारातला पिंजरा बघून टेलरनं चिकनचं दुकान टाकलं असं गावानं धरलं होतं आणि तीच बातमी चकलांब्याला पोचली होती. सासरे मटकन पायरीवर बसले आणि इतके हसले की माळ हातात धरावी लागली. पण गर्दी काही हसली नाही.

बंडू डोक्यावरचं पीस काढत म्हणाला, "मग आम्हाला रविवारी कशाला बोलावलं व्हतं?"

"खुराडं बघायला. अन्... चहाला," मी म्हणालो.

"मग पाज चहा!"

आता सोडतात का? सगळ्यांना चहा पाजावा लागला. तोही बंडूच्याच हॉटेलातून! काहींनी तर दोनदा घेतला. रुमालातले उरलेले पैसे तिथं संपले. पिंजरा जुन्या सामानवाल्यानं परत घेतलाच नाही. वर म्हणाला, "बारा बसल्या न्हाईत का?" बसल्या होत्या. खोटं कसं बोलू?

शेवटी खुराडं शकुंतलेनंच शोधलं. दुकानाच्या कोपऱ्यात, परसाच्या भिंतीला लागून, गिऱ्हाइकांना कपडे घालून बघायची प्लायवूडची छोटी खोली होती. तिनं आत जाऊन दोन्ही हात पसरले, वर बघितलं.

"दांडी बी हाय."

"अगं, ती कपडे अडकवायची दांडी हाय!"

"कोंबड्यांना काय त्याचं?"

सासरे अजून मुक्कामालाच होते. त्याच दिवशी त्यांनी मागून भिंतीला भोक पाडून परसाकडं दार केलं, वर जाळी मारली, खाली भुसा टाकला. एक पैसा लागला नाही. कोंबड्या दिवसभर परसात हिंडतात, सांजच्याला ओळीनं आत जाऊन दांडीवर बसतात. मुंगूस फिरकत नाही.

दुकानाकडच्या दारावर 'खोली बंद' अशी पाटी लावायची तेवढी राहून गेली. परवा परगावचा एक जुना गिऱ्हाईक आला, शिवलेली पँट उचलली आणि मी काही म्हणायच्या आत सवयीनं सरळ त्या खोलीत शिरला. मी आपला बाहेर जीव मुठीत धरून उभा. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला.

"टेलर, खोलीचं काम झकास केलंत हो! हवा खेळती हाय, खाली मऊ हाय, पायापाशी चार अंडी बी ठिवलीत. पर ही पँट कुणाच्या मापानं शिवली? कोंबडीच्या?"