पुस्तिकेतली ज्योत्स्ना

अकोल्याच्या जुन्या शहरात अब्दुल सत्तारचा फोटो स्टुडिओ होता. निकाह, साखरपुडे, सत्कार, शाळेचे गट, तीस वर्षांत त्याने काय टिपलं नव्हतं? कितीही आखडलेला माणूस समोर बसू दे, दोन वाक्यांत सत्तार त्याला मोकळा करायचा. बौद्ध समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याचं काम सहा वर्षं त्याच्याकडेच होतं. मुलामुलींचे फोटो आधी स्टुडिओत काढायचे, ते पुस्तिकेत छापून यायचे आणि मेळाव्याच्या दिवशी अमरावतीच्या सभागृहात कॅमेरा घेऊन उभं राहायचं.

त्या वर्षी देवमनभाऊ आपल्या मुलीला, ज्योत्स्नाला, घेऊन आले. पोस्टातून निवृत्त झालेले देवमनभाऊ म्हणजे सत्तारचे जुने दोस्त. ज्योत्स्ना रक्त तपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला होती. ओठांच्या कडेपासून गळ्यापर्यंत तिला कोडाचे पांढरे डाग होते. पावडर न लावता, केस मागे बांधून ती खुर्चीवर ताठ बसली आणि म्हणाली, "चाचा, जसं हाय तसंच काढजा."

फोटो सुरेख आला. पण कॉम्प्युटरवर बसल्यावर सत्तारला राहवेना. पोरगी गुणाची आहे, पण लोक आधी चेहराच पाहतात. एकदा भेटले की तिचा स्वभाव कळेल. असं मनाशी म्हणत त्याने एकेक डाग पुसून टाकला. आपण तिचं भलं करतोय याबद्दल त्याला तेव्हा जराही शंका नव्हती.

पुस्तिका मेळाव्याच्या दिवशी सकाळीच वाटली गेली. वरूडहून आलेल्या एका घरच्यांनी ज्योत्स्नाच्या फोटोवर खूण केली आणि भेटायला बोलावलं. मुलाच्या आत्याने, ललिताबाईंनी, एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा पुस्तिकेकडे.

"फोटोत तं चेहरा साफ हाय," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या. "कावून फसवून राहिले लोकायले?"

देवमनभाऊंनी पुस्तिका हातात घेतली. त्यांनीही तो फोटो तेव्हाच पाहिला. "आमी असं काई केलं नाई, बाई," एवढंच ते बोलले.

सत्तार चार हातांवर उभा होता. आयोजक तिथेच होते. हे माझं काम आहे, त्यांचा दोष नाही, एवढं म्हणायला कितीसा वेळ लागला असता? त्याने मान खाली घातली आणि लेन्स पुसत राहिला. ज्योत्स्नाने त्याच्याकडे एकदाच पाहिलं. मग ती वडिलांचा हात धरून बाहेर गेली.

त्याने घरी सांगितलं, तेव्हा त्याच्या बायकोने, नसीमबानोने, हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "जाके बोल दो. जितने दिन टालोगे, उतना भारी होगा."

तरी पंधरा दिवस गेले. शेवटी मूळ फोटोची मोठी प्रत पाकिटात घालून तो देवमनभाऊंच्या घरी गेला. दुर्गावहिनींनी नेहमीसारखा चहा ठेवला. ज्योत्स्ना समोर येऊन बसली. त्याने माफी मागितली, डाग का पुसले तेही सांगितलं.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. "डाग पुसले त्याचं मले एवढं नाई वाटलं, चाचा. मायेनं केलं असन तुमी. पन माहे बाबा तिथं खोटे पडून राहिले होते, अन् तुमी तिथंच उभे होते."

सत्तारने पाकीट तिच्यापुढे सरकवलं. तिने फोटो ठेवून घेतला, पण उघडून पाहिला नाही.

त्यानंतर तो आयोजकांकडे गेला आणि सगळं कबूल केलं. पुढल्या वर्षीचं काम दुसऱ्याला मिळालं, त्याचं त्याला वाईट वाटलं नाही. ज्योत्स्नाने मात्र पुन्हा नाव नोंदवलं नाही. बाजारात भेटले की देवमनभाऊ आजही थांबतात, "बरं हाय ना, सत्तारभाई?" असं विचारतात. बरं आहे म्हणून तो घाईने पुढे निघतो.