खोडलेली ओळ

ती घटना आजही आठवली की माझं डोकं फिरतं. मी तेव्हा महाड तालुक्यात ठाणेदार होतो. वरंधकडच्या एका गावात, नदीतल्या कोंडात, म्हणजे खोल डोहात, पुण्याचा एक कॉलेजातला मुलगा बुडाला. अकस्मात मृत्यूची नोंद झाली, पंचनामा झाला. त्याच्या आईने मात्र एकच धोशा लावला, "इथे धोका आहे, हे कुणीच कसं सांगितलं नाही?"

तिथे बोर्ड नव्हता. गावाला त्याची गरजच नव्हती. नारळसुद्धा वरच्या खडकावरूनच पाण्यात सोडायचा, पुढे पाऊल टाकायचं नाही, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं.

तिसऱ्या दिवशी गावचे पोलीस पाटील ठाण्यात आले. आधी इकडेतिकडे पाहून घेतलं.

"सायेब, माझं नाव नको हां. पन त्या रिसॉर्टवाल्याला इचारा. त्याचा आजाच आमाला कोंडात उतरू देत नव्हता."

हा रिसॉर्टवाला त्याच गावचा, मुंबईची नोकरी सोडून परतलेला. त्याच्या वेबसाइटवर दर आठवड्याला एक लेख यायचा. महाडजवळचे धबधबे शोधले, की गुगलवर पहिला त्याचाच लेख. बुडालेला मुलगा तोच वाचून आला होता.

चौकशीला बोलावलं, तर हा बाबा लॅपटॉप उघडून मलाच शिकवायला लागला. "साहेब, जाहिरात दिसली की लोक पळतात. माहिती दिली की वेबसाइटवर येतात, रमतात, मग बुकिंग करतात. याला कंटेंट म्हणतात."

"मग धोका ही माहिती नाही का?"

"मला तो माहीतच नव्हता."

चोर तो चोर, वर शिरजोर! आमच्या सायबरच्या हवालदार बाईंनी वेबसाइटवरून त्या लेखाची जुनी आवृत्ती काढली. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, 'खडकाच्या पुढे उतरू नये. खाली कपार आहे, माणूस ओढला जातो.' ती ओळ त्याने स्वतःच खोडली होती. त्याची छापील प्रत पुढे ठेवल्यावर त्याने लॅपटॉप मिटला.

मग म्हणाला, "ती ओळ होती तेव्हा लोक लेख अर्ध्यात सोडायचे, साहेब. काढली आणि गर्दी वाढली."

त्याच्या मुस्कटात द्यावीशी वाटली. दिली नाही. निष्काळजीपणाने मृत्यूला कारणीभूत झाल्याचा गुन्हा दाखल केला, दोषारोपपत्र पाठवलं. कोर्टात गावचे साक्षीदार एकजात फितूर झाले, पाटीलसुद्धा. त्यांची सून आता पर्यटकांना जेवण करून घालत होती.

"गावातली पोरं आता कुटं मुंबईवरनं परत आल्यात, सायेब," ते बाहेर मला म्हणाले. मान वर केली नाही.

नुसत्या त्या जुन्या आवृत्तीवर गुन्हा सिद्ध झाला नाही, तो निर्दोष सुटला. बुडालेल्या मुलाच्या आईला रिसॉर्टवाल्याची शिक्षा नकोच होती. ती म्हणाली, "ती ओळ तेवढी परत घालायला लावा." मी त्याला स्वतः जाऊन सांगितलं. त्याने घातली, पानाच्या अगदी तळाशी, नकाशा आणि फोन नंबरच्याही खाली. तिथवर कोण वाचत जातंय?

नोकरीभर मी खोटं बोलणारे पकडले. सगळं खरं सांगून नेमकं तेवढंच गाळणाऱ्याला कसं धरायचं, ते मला शेवटपर्यंत जमलं नाही.

निवृत्तीनंतर एका सकाळी पेपरात बातमी वाचली. तोच कोंड, दुसरा मुलगा. दहा मिनिटांत पहिल्या मुलाच्या आईचा फोन आला. तो वाजत राहिला. मी उचलला नाही.