मागच्याच आठवड्यात, शाळेच्या गेटवर

मंगळवारी सकाळी माझी पत्नी जालन्याच्या दवाखान्यात वारली.

त्याआधी बरेच दिवस तिच्या घशात नळी होती. बोलता येत नव्हतं आणि हातात पेन धरवत नव्हतं. नळी काढली की बोलतील, असं डॉक्टर म्हणायचे. मी बाहेरच्या बाकावर त्याचीच वाट पाहत बसायचो. ती गेली तेव्हा रडू येण्याच्याही आधी मला वाटलं, की तिला काहीतरी सांगायचं होतं आणि ते राहून गेलं. कदाचित आजारी पडण्याआधी ती ते दुसऱ्या कुणापाशी बोलली असेल. म्हणून भेटायला येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे मी आशेने पाहत राहायचो. लोक तिचं अक्षर किती सुंदर होतं ते सांगायचे आणि उठून जायचे.

ती कुंभार पिंपळगावच्या पुढे एका वस्तीवरच्या शाळेत शिकवायची. तीर्थपुरीहून रोज स्वतः गाडी चालवत जायची. मला गाडी चालवता येत नाही. ती आजारी पडल्यापासून गाडी दारात धूळ खात उभी होती. तिच्या सहकाऱ्यांनी चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला होता. त्यावर तिचा फोटो, नाव, शाळा, आमची गल्ली, सगळं होतं.

सुतकात आमच्याकडे दार लावत नाहीत. आलेल्याला तुम्ही कोण, असं विचारत नाहीत. माणूस सतरंजीवर बसतो, थोडा वेळ खाली पाहतो आणि उठतो. जाताना तो 'येतो' म्हणत नाही, घरचेही 'या' म्हणत नाहीत. त्यामुळे शुक्रवारी दुपारी इस्त्रीच्या शर्टातले दोघं आत येऊन बसले, तेव्हा मी त्यांना तिच्या विद्यार्थ्यांचे पालक समजलो. एकाच्या मांडीवर काळी बॅग होती. त्याने फोटोला हात जोडले, मग खोलीभर पाहिलं. त्याची नजर माझ्या पुस्तकांच्या कपाटांवर जरा थांबली.

"सर, मॅडमनीच बोलावलं होतं आम्हाला. गाडीच्या सेफ्टीचं काम हाय आमचं. जीपीएस, अलार्म. गाडीला कुनी हात लावला की मोबाईलवर कळतं."

"केव्हा बोलावलं?"

"मागच्याच आठवड्यात. शाळेच्या गेटवर भेटल्या की."

मागच्या आठवड्यात ती अतिदक्षता विभागात होती. तो खोटं बोलतोय हे मला तिथल्या तिथे कळलं. पण मागच्या आठवड्यात ती गेटवर उभी होती, बोलत होती, असं म्हणणारं जगात कुणीतरी होतं. मला त्याला थांबवावंसं वाटलं नाही.

तो पुढे बोलू लागला. "मॅडम म्हनल्या, सरांना पुस्तकातलं सगळं कळतं, गाडीतलं बिलकुल न्हाई. मलाच बघावं लागतं सगळं."

हे तिचंच बोलणं होतं. 'मलाच'वरचा तो जोरसुद्धा मला ऐकू आला. मी उठून चावी आणून दिली. "दुसरी पन लागंल, सर. दोन्हीला सेन्सर बराबर जुळवावा लागतो." मी तीही आणली. त्याचा जोडीदार बाहेर जाऊन गाडीच्या नंबरचे फोटो काढू लागला. मी बॅगवाल्याच्या जवळ सरकलो.

"अजून काय म्हणाली?"

"कोन?"

"मॅडम."

तो गडबडला. माल विकणाऱ्याला असं कुणी विचारत नसावं. "हेच की. गाडीचं."

"आठवा ना. घाईत होती का?"

"हां, घाईतच होत्या." त्याने पुन्हा फोटोकडे पाहिलं. "म्हनल्या, माझ्यामागं सरांचं कसं होईल, याचीच काळजी लागून राह्यली."

ती असं कधीच बोलली नसती. काळजी वाटली की ती चिडायची, भांडी आपटायची. तो शब्द तिच्या तोंडी नव्हता.

वाटूरहून आलेली माझी मोठी बहीण स्वयंपाकघरातून बाहेर आली. "कोन हायेत रे हे?"

"गाडीला अलार्म बसवणारे, अक्का."

"सुतकात?" तिने त्याच्या हाताकडे पाहिलं. "दोन्ही चाव्या कशाला रे तुला? दोघं दोन बाजूंनी चालवनार का गाडी?"

"मावशी, मॅडमनीच सांगितल्तं, मागच्या आठवड्यात..."

"मागच्या आठवड्यात मी तिच्या उशाशी उभी व्हते. तिला हूं म्हनता येत न्हवतं, अन् तुझ्याशी गेटवर गप्पा मारून राह्यल्ती व्हय? फ्लेक्स वाचून आलास. त्यावर आजार लिहिला न्हाई, म्हनून फसलास. ठेव चाव्या."

त्याने चाव्या सतरंजीवर ठेवल्या. "गैरसमज झाला, सर. येतो."

"येऊ नको," अक्का म्हणाली.

ते गेल्यावर ती माझ्याकडे वळली. "तुला कळलं न्हाई व्हय रे?"

"कळलं होतं."

"मंग?"

मी सतरंजीवरच्या चाव्या उचलल्या. ती आत गेली.

दारातली धूळ खाणारी गाडी आणि कपाटं पाहून तो ते 'मलाच बघावं लागतं'चं वाक्य बोलला होता, हे मला नंतर उमगलं. पुस्तकं भरलेल्या कुठल्याही घरात, कुठल्याही बाईच्या नावावर ते वाक्य खपलं असतं. इतक्या वर्षांच्या संसारात जे फक्त आम्हा दोघांचं आहे असं मी धरून चाललो होतो, ते एका परक्या माणसाला नुसतं घर पाहून रचता आलं. त्यानंतरही लोक भेटायला येत राहिले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहणं सोडून दिलं. सुतक फिटलं, सतरंजी उचलली, अक्का वाटूरला परत गेली.

नळी घालण्याआधी ती माझ्याशी शेवटचं काय बोलली, ते आठवायचा मी रोज प्रयत्न करतो. आठवत नाही. त्या माणसाने रचलेलं वाक्य आठवतं, आणि ते तिच्या आवाजात आठवतं.