मथुराकाकींच्या गळ्यातला पोटभाडेकरू

सुक्या मासळीच्या धंद्यात किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. बोंबलासारखे टांगून ठेवायचे; वाळले की चव येते. बोईसरला माझ्या दुकानासमोर घिवलीच्या मथुराकाकी टोपली घेऊन बसतात. त्यांचे तर पोतंभर आहेत. हे त्यातले काही, दुखण्यातले असले तरी.

*

काही वर्षांपूर्वी काकींची एक किडनी कॅन्सरमुळे काढली. बाजारात परतल्या त्या दिवशी एका गिऱ्हाईक बाईने कळवळून विचारलं, "आता एकाच किडनीवर कसं हो?"

काकी म्हणाल्या, "तुजा नवरा एकच हाय ना? चालतंय ना?"

*

गळ्यात त्यांच्या थायरॉइडची जुनी गाठ होती. तपासून झालेली, निरुपद्रवी. मागच्या वर्षी सोन्याची माळ गळ्याला घट्ट व्हायला लागली. माझ्या शेजारच्या बाबूशेट सोनाराने कड्या वाढवून दिल्या आणि वर म्हणाला, "काकी, तब्येत सुधारली तुमची."

मग आवाज बसला. त्यांची हाक रस्ता ओलांडून माझ्या गल्ल्यापर्यंत येईना, तेव्हा सून शेवंती त्यांना पालघरला डॉक्टरांकडे घेऊन गेली. सोबत मी.

*

सुई घालून तपासणी झाली. किडनीचा कॅन्सर गळ्यातल्या त्या जुन्या गाठीत येऊन बसला होता.

"फार क्वचित होतं असं," डॉक्टर म्हणाले.

मी विचारलं, "एवढ्या अंगात त्याला हीच जागा बरी सापडली?"

"थायरॉइडला रक्त भरपूर. त्यात आधीची गाठ असली की रुजायला सोपं जात असावं. नक्की आम्हालाही ठाऊक नाही."

काकी बसक्या आवाजात म्हणाल्या, "सरावलीला माज्या भावाच्या चाळीत असंच हाय. खोली एकाची, नि रातो पोटभाडेकरू."

डॉक्टर हसले. "मग खोलीसकट काढू. पण आधी बघू द्या, आणखी कुठे बिऱ्हाड केलंय का."

*

सगळ्या अंगाचं स्कॅन झालं. रिपोर्ट चांगला येईपर्यंत बाबूशेटने मासे खाणं सोडलं. काकींना कळलं तशा उसळल्या, "मेल्या, मी मासं विकते. सोडायचं तं सोनं सोड."

रिपोर्ट आला. गळा सोडून कुठेच काही नव्हतं. शेवंती दुकानाच्या पायरीवर बसून रडली. बाबूशेट म्हणाला, "जेवून येतो," आणि गेला.

*

आता धास्ती एकच. आवाजाची नस गाठीला अगदी खेटून होती. "गाठ निघेल, पण आवाजाचं वचन देत नाही," असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलेलं. काकी म्हणाल्या होत्या, "मंग बाजारात बसून मी काय हात हालवू?"

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. "काकी, नाव सांगा."

काकी गप्प.

"बरं, नुसतं एक-दोन-तीन म्हणा."

गप्पच. शेवंतीने पदर तोंडाशी नेला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

काकींनी बोटाने डॉक्टरांना जवळ बोलावलं. ते वाकले. काकींनी घसा खाकरला आणि पलीकडच्या खाटेपर्यंत जाईल अशा खरखरीत आवाजात म्हणाल्या, "बोंबील घे रं डॉक्टरा. सकालची पयली भवानी हाय."

डॉक्टर शुद्ध शाकाहारी. अर्धा किलो सांगून गेले.