अक्काने मागितलंच नाही

गेल्या गुरुवारी दुपारी आमच्या जळगावच्या घरात जे झालं, ते अजून नीट पचलेलं नाही... पण आधी धुळ्याचं सांगायला हवं.

सव्वा महिन्यापूर्वी तिथल्या एका हॉस्पिटलमध्ये माझ्या बायकोच्या, सुलभाच्या मेंदूचं ऑपरेशन झालं. डाव्या बाजूला गाठ होती. डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं, गाठ निघेल, पण बोलणं जाऊ शकतं. सुलभाचं बोलणं! अख्ख्या गल्लीला पुरून उरणारी बाई ती...

त्या सकाळी स्ट्रेचर थिएटरच्या दाराशी थांबलं. आमच्या चर्चचे पाळक म्हणाले, "सर, तुम्हीच प्रार्थना करा." मी नशिराबादच्या शाळेत विज्ञान शिकवतो, पण प्रचारकाचा मुलगा. चर्चमध्ये माईक हातात आला की वीस मिनिटं सोडत नाही, लोक एक डोळा उघडून घड्याळ बघतात. त्या दिवशी डोळे मिटले आणि तोंडातून आलं, "हे प्रभू, ताटात वाढलेल्या या अन्नाबद्दल तुझे आभार मानतो..."

जेवणाआधीची प्रार्थना! ऑपरेशन थिएटरच्या दारात! वर "ज्या हातांनी हे तयार केलं त्यांना आशीर्वाद दे" इथपर्यंत गेलो, तेव्हा कुठे भानावर आलो. सुलभा पडल्या पडल्या हसत होती. मला मात्र रडू फुटलं.

तेव्हा अक्का पुढे झाली. अक्का म्हणजे सुलभाची मावशी, शिरपूरजवळच्या खेड्यातली, सत्तरी ओलांडलेली. तिने सुलभाच्या कपाळावर हात ठेवला आणि घरात बोलावं तसं अहिराणीत सुरू केलं. "बापा, तू मोठा शे. डोंगर तुन्हा, नदी तुन्ही. हाई पोर बी तुन्हीच शे. तुन्हा तिन्हावर भलता जीव शे, माले माहीत शे. आमेन."

संपलं! मी वाट बघत होतो, आता मागेल, मग मागेल... "तिचं बोलणं राहू दे" एवढं तरी. दार बंद झालं आणि मी चिडून विचारलं, "अक्का, मागितलं का नाहीस?"

"त्याले बठ्ठं माहीत शे, भाऊ," ती म्हणाली. "तो कितला मोठा शे, हाई आपलेच इसर पडस. ते याद करी देनं पडस." म्हणजे त्याला सगळं ठाऊकच असतं, तो किती मोठा आहे याचा विसर आपल्यालाच पडतो, ते आठवून द्यावं लागतं.

गाठ निघाली. साधी निघाली, कॅन्सरची नाही, देवाची कृपा. पण सुलभाचं बोलणं गेलं.

माझं नाव घ्यायला जायची, ओठ हलायचे आणि डोळ्यांत पाणी यायचं. तहान लागली तरी रिकामा पेला दाखवायची. मी मनातल्या मनात अक्काशी भांडत होतो... आणि खरं सांगतो, देवाशीही. गुडघे टेकायचो आणि तसाच उठायचो. तू मोठा असशील रे, पण जीव आहे ना तुझा तिच्यावर? मग?

गुरुवारी अक्का आलेली होती. दोघी हॉलमध्ये खाली बसून मेथी निवडत होत्या. मी शाळेतून आलो, दारात बूट काढत होतो. अक्का आपल्याच तंद्रीत एक गीत गुणगुणत होती, संडे स्कूलमध्ये आम्ही सगळेच शिकलो त्यातलं एक. पहिली ओळ तिची. दुसरी ओळ... दोन आवाजांत आली.

मी एक बूट हातात धरून तसाच उभा. सुलभा गात होती! शब्दन् शब्द स्पष्ट, सुरात. तिला स्वतःलाही कळलं नव्हतं, हात मेथीतच होते. मग कळलं. ती थांबली, तिने माझ्याकडे बघितलं आणि घाईघाईने पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली... निसटून जाईल म्हणून. तिन्ही कडवी म्हटली. अक्का रडत रडत टाळ्या वाजवत होती.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, असं होतं कधी कधी. बोलणं मेंदूच्या एका बाजूला असतं, गाणं बरंचसं दुसऱ्या बाजूला. आता गाण्यातूनच हळूहळू बोलणं शिकवता येईल.

विज्ञानाच्या मास्तरला हे लगेच पटलं. पण फोन ठेवला आणि अंगावर सर्रकन काटा आला. मी महिनाभर ज्याला जाब विचारत होतो, त्याने गाठ यायच्या कितीतरी वर्षं आधी, सुरी पोहोचणार नाही अशा जागी...

अजून तिला माझं नाव घेता येत नाही. येईल, किंवा नाही येणार. मला आता त्याची भीती वाटत नाही, हे लिहितानाही नवल वाटतंय.

माझ्या बायकोचा आवाज त्याने तिच्या आईच्या पोटातच दोन ठिकाणी ठेवला होता. एवढी काळजी तिची मी आजवर कधी घेतली नव्हती.